गप्प बसण्याची अट

१ सप्टेंबर, मंगळवार

दादाने सातवं प्रकरण खोडलं. एखादं वाक्य नव्हे, एखादा परिच्छेद नव्हे, अख्खं प्रकरण. प्रत्येक पानावर वरच्या कोपऱ्यातून खालच्या कोपऱ्यापर्यंत एक तिरकी लाल रेघ, आणि शेवटच्या पानाच्या समासात: 'हा मी नाही.'

मला संताप आला आहे आणि तो इथे लिहून ठेवतो, कारण चर्चच्या पाळकाला संतापायची दुसरीकडे कुठे सोय नाही. मंडळीसमोर संतापलो तर म्हणतात, पाळकसाहेबांची तब्येत बरी दिसत नाही. घरात संतापलो तर ही म्हणते, आधी चहा घ्या.

माझी आजवरची सगळी पुस्तकं दादानेच तपासली आहेत, आणि दादा देव मानत नाही. सतरा वर्षांचा असताना त्याने हे जेवता जेवता जाहीर केलं होतं, समोर वडील बसले होते, आणि वडीलही पाळकच होते. पुढे तो वर्तमानपत्रात गेला, उपसंपादक झाला आणि उभं आयुष्य दुसऱ्यांचं लिखाण कापत राहिला. माझं पहिलं हस्तलिखित परत देताना म्हणाला होता, "देव सगळीकडे आहे हे तुझं म्हणणं कळलं. पण एकाच पानावर इतक्यांदा नको." मी ऐकलं. माझी पुस्तकं लोक शेवटपर्यंत वाचतात याचं श्रेय त्याचं आहे, हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हटलेलं नाही.

हे नवं पुस्तक म्हणजे माझ्या सगळ्या विचाराचं सार. मुद्दा साधा आहे. बाहेरच्या जगाने चर्च सोडलं, तेव्हापासून आपण त्याला नुसता उपदेश करत सुटलो. आता जरा तोंड मिटून त्याचं ऐकावं. त्याची नाटकं, त्याचे सिनेमे, त्याची दुःखं, त्याचे हट्ट. सातव्या प्रकरणात मी 'एका जुन्या स्नेह्या'चं उदाहरण दिलं आहे. तो देव नाकारतो, पण त्याच्या सचोटीत आणि त्याच्या मौनात, त्याच्याही नकळत, श्रद्धाच नांदते आहे, असं मी दाखवलं. नाव घातलं नाही. भावाचा स्नेही केला. तरी ओळखलं त्याने.

त्याच्या स्वादुपिंडात गाठ आहे. डॉक्टर आता वर्षाच्या भाषेत बोलत नाहीत. अशा माणसाशी भांडू नये हे मला कळतं. उद्या जाऊन भांडणार आहे.

२ सप्टेंबर, बुधवार

भांडलो.

दादा खिडकीपाशी आरामखुर्चीत होता, गुडघ्यांवर पांघरूण, कानावर लाल पेन्सिल. त्याचं अंग निम्मं झालं आहे, पेन्सिल तेवढीच आहे.

"मी ते प्रेमाने लिहिलं होतं," मी म्हणालो.

"म्हणून तर पूर्ण वाचलं. नाहीतर दुसऱ्या पानावरच टाकणार होतो."

"मग खोडलंस का?"

"त्यात मी नाही म्हणून. त्यात तुझाच कोणीतरी माणूस आहे. त्याला माझे कपडे घातलेस, एवढंच."

मी त्याला समजावून सांगितलं की हा ईश्वरविज्ञानातला मान्य विचार आहे, माझ्या मनचं काही नाही. तो म्हणाला, "मान्य असेल तर मान्य करणाऱ्यांवर वापर. मी सभासद नाही." मग थोडा वेळ त्याला धाप लागली. मला वाटलं संपलं. संपलं नव्हतं.

"धाकट्या, तू माझं ऐकतोस ना, ते पोलिसाने संशयिताचं ऐकावं तसं ऐकतोस. कुठेतरी कबुली सापडेल म्हणून. पाहुण्याने जाताना न विचारता आपलं सामान घरात ठेवून जावं, तसा तू माझ्यात देव ठेवून जातोस. आणि मग पुस्तकात लिहितोस, बघा, यांच्या घरात काय सापडलं."

वहिनीने आतून विचारलं, "भाऊजी, जेवून जाणार की भांडून?"

"दोन्ही," दादाच म्हणाला.

जेवलो. आमटीत मीठ कमी होतं, कारण त्याला चालत नाही. तेही मी निमूटपणे खाल्लं. आणि मी म्हणे ऐकत नाही.

८ सप्टेंबर, मंगळवार

धर्मविद्यालयात आमचे प्राचार्य मला माझ्यामागे 'नाटकवाले पाळक' म्हणतात. म्हणोत. मागच्या आठवड्यात मी शेवटच्या वर्षाच्या मुलांना नाटकाला नेलं. एका आईची गोष्ट आहे. मुलाच्या खुन्याला ती शेवटपर्यंत माफ करत नाही, पडदा पडतो तरी करत नाही. आज तासाला मी त्यावर बोललो. तिचा नकार हा मुळात परमन्यायासाठी फोडलेला टाहो कसा आहे, म्हणजेच ती प्रार्थनाच कशी आहे, हे उलगडून दाखवलं.

शेवटच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, पण तिला फक्त माफ करायचं नसेल तर?"

प्रश्न चांगला होता. मी घंटा होईपर्यंत त्याचं उत्तर दिलं. तिने पुढे काही विचारलं नाही, म्हणजे तिचं समाधान झालं असावं.

१९ सप्टेंबर, शनिवार

आज जे ऐकलं ते लिहायलाही हात धजत नाही.

दादाने स्वतःच्या अंत्यविधीची व्यवस्था करून टाकली आहे. चर्चमध्ये नाही, हे मला अपेक्षितच होतं. नगरपालिकेच्या सभागृहात. तिथे लसीकरण होतं आणि गाळ्यांचे लिलाव होतात. विधी चालवायला एक बाई ठरवली आहे. धर्म न मानणाऱ्यांना निरोप देणं हा तिचा व्यवसाय आहे. पाळकाच्या जागी उभी राहते, मेलेल्या माणसाबद्दल बोलते आणि देवाचं नाव घेत नाही. मी तिला निरोपबाई म्हणतो. ही म्हणाली, नाव ठेवू नका, पण हिलाही हसू आलं.

"आणि मी?" मी दादाला विचारलं.

"तू पहिल्या रांगेत बसायचं. वहिनीच्या शेजारी."

"आणि बोलायचं कधी?"

"बोलायचं नाही. प्रार्थना नाही, वचन नाही, आशीर्वाद नाही. दोन शब्दही नाहीत, कारण तुझे दोन शब्द मला माहीत आहेत."

मी वडिलांना निरोप दिला, आईला दिला, निम्म्या गावाला दिला. ज्यांचं तोंड कधी पाहिलं नव्हतं त्यांच्या शवपेटीशेजारी उभं राहून बोललो. आणि सख्ख्या भावाच्या वेळी मी तोंडाला कुलूप लावून बसायचं. मी हे त्याला बऱ्याच मोठ्या आवाजात सांगितलं.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "सातवं प्रकरण मी खोडू शकलो, कारण मी जिवंत होतो. तिथे तू मला श्रद्धाळू करून टाकशील आणि मला खोडता येणार नाही. कळतंय का?"

मी उत्तर दिलं नाही. दादाने तो होकार धरला. मी होकार दिलेला नाही, हे इथे स्पष्ट नोंदवून ठेवतो.

२७ सप्टेंबर, रविवार

उपासना आटोपून दादाकडे गेलो, तर निरोपबाई तिथे आधीच हजर. मला पाहून उठून उभी राहिली. "नमस्कार सर."

माझीच विद्यार्थिनी निघाली. दुसऱ्या वर्षात विद्यालय सोडून गेली होती. विश्वास राहिला नाही म्हणून राजीनाम्यासारखा अर्ज दिला होता, तो मला आठवला. म्हणजे मी शिकवायचं आणि तिने ते देव वजा करून विकायचं.

"मृताबद्दल खोटं बोलू नका, हे तुम्हीच शिकवलंत," ती म्हणाली. "मी अजून तेच करते."

मी खुर्ची ओढून बसलो. ती दादाला एकेक विचारत होती आणि तो सांगत होता. मला वाटलं होतं विश्वास, मृत्यू, आयुष्याचा अर्थ असलं काही विचारेल. हिचे प्रश्न म्हणजे, सकाळी किती वाजता उठायचात, हातात पहिला पगार आला तेव्हा काय घेतलंत, कोणाचा राग अजून गेला नाही. एक प्रश्न होता, "घरचे सगळे रविवारी चर्चला गेले की तुम्ही काय करायचात?"

"समोरच्या बसथांब्यावर बसायचो, पेपर वाचत. आईचे गुडघे दुखायचे. चर्चच्या पायऱ्या चढायला कोणीही हात द्यायचं, पण उतरताना सगळ्यांना घाई असते. ती दारात आली की मी रस्ता ओलांडून जायचो आणि तिला खाली उतरवायचो. पाऊस असला तर छत्री असायची."

मला हे माहीत नव्हतं. उपासना संपली की मी दाराशी उभा राहून लोकांशी हस्तांदोलन करत असे, वडिलांच्या वेळीही आणि नंतरही. आई घरी कशी पोचते हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण ती दर वेळी पोचलेली असायची.

"म्हणजे तू दर रविवारी चर्चच्या दारापर्यंत यायचास," मी म्हणालो. "दादा, तुझ्या लक्षात येतंय का याचा अर्थ..."

"बघा," दादा निरोपबाईला म्हणाला. "लागला कामाला."

दोघंही हसले. वहिनीसुद्धा हसली. मी चहा न घेता निघालो. अर्थ विचारणं हा गुन्हा असेल तर मी आयुष्यभर गुन्हेच केले आहेत.

७ ऑक्टोबर, बुधवार

दादा आता अंथरुणातून उठत नाही.

संध्याकाळी निरोपबाईचा फोन. "सर, विधीच्या शेवटी आपण सगळे थोडा वेळ गप्प बसणार आहोत. त्या मौनाबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची होती."

हद्द झाली. मी म्हणालो, "बाई, मौन कसं पाळायचं हे मला शिकवू नका. त्यावर मी एक प्रकरण लिहिलं आहे. नववं."

"नाही सर, शिकवत नाही, एवढंच की शेवटी..."

"शेवटी काय होतं ते मला ठाऊक आहे. तुम्ही जन्माला यायच्या आधीपासून मी लोकांना गप्प बसवतो आहे." आणि फोन ठेवला.

ही स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती. म्हणाली, "तिला काहीतरी सांगायचं होतं."

"मला कळलं काय सांगायचं होतं ते."

"काय?"

"गप्प बसा, हेच. दुसरं काय?"

१३ ऑक्टोबर, मंगळवार

दादा सकाळी गेला. वहिनी त्याला पाणी पाजत होती.

मी पोचलो तेव्हा पेन्सिल उशीजवळ होती.

१४ ऑक्टोबर, बुधवार

आज दिवसभर फोन. मंडळीतले एकजात सगळे विचारतात, उपासना किती वाजता. उपासना नाही म्हटलं की पलीकडून माझीच कीव करणारा आवाज येतो. प्राचार्य म्हणाले, "तुमचं ते बाहेरच्या जगाचं ऐकणं फारच पुढे गेलं म्हणायचं." पंचावन्न पायऱ्या चढून धापा टाकत हे सांगायला ते घरी आले होते, एवढी त्यांना कळकळ. मी त्यांना चहा दिला नाही.

आणि मी ठरवलं. होकार मी दिलेलाच नव्हता. भाऊ म्हणून माझा काही हक्क आहे की नाही? विधी संपत आला की उठायचं, एक लहानशी प्रार्थना म्हणायची आणि बसायचं. मला कोण हात धरून खाली बसवणार आहे? प्रार्थना लिहून काढली. कमालीची संयत आहे. देवाचा उल्लेख फक्त सुरुवातीला आणि शेवटी.

इस्त्री करताना हिला कोटाच्या खिशात कागद सापडला. वाचला. घडी घालून परत ठेवला.

"काही बोलणार नाहीस?" मी विचारलं.

"तुम्ही दोघं भाऊ बघून घ्या," ही म्हणाली आणि बाही इस्त्री करू लागली.

१५ ऑक्टोबर, गुरुवार

सगळं जसं घडलं तसं लिहितो.

सभागृहात प्लास्टिकच्या खुर्च्या, एका कोपऱ्यात त्याच खुर्च्यांची चळत, माइक दोनदा किंचाळला. भिंतीवर हात स्वच्छ धुण्याबद्दलचं चित्र. शवपेटी टेबलावर, आणि झाकणावर वहिनीने त्याची लाल पेन्सिल ठेवली होती. फुलं नव्हती, त्याला शिंका यायच्या.

मी पहिल्या रांगेत बसलो आणि माझ्या लक्षात आलं की या रांगेत मी आजवर कधी बसलोच नाही. पाळक समोर असतो. रडणारे लोक इथे बसतात आणि मी तिकडे उभा राहून त्यांना काय वाटतंय ते त्यांना सांगतो. इथून समोरचा माणूस फार उंच दिसतो आणि हातांचं काय करावं ते कळत नाही.

निरोपबाई बोलली. चांगली बोलली, याचाच मला जास्त राग आला. तिने दादाला मोठा केला नाही. तो हेकट होता, पाहुण्यांनी आणलेल्या लग्नपत्रिकांतल्या चुका पाहुण्यांसमोर दाखवायचा, हे सांगितलं. बसथांबा सांगितला, छत्री सांगितली. अर्थ सांगितला नाही. मी अर्थाची वाट बघत होतो आणि तो आलाच नाही. आई पायरी उतरली, पुढचा प्रसंग सुरू झाला.

मग ती म्हणाली, "आता आपण त्यांच्यासाठी गप्प बसू." आणि हात जोडून बाजूला उभी राहिली.

हीच वेळ होती. हात खिशात गेला, कागद बोटांना लागला. बघायची गरज नव्हती, पाठ होता. 'हे प्रभो, तुझ्या या लेकराला.' आणि मला स्वच्छ दिसलं, त्यावर लाल रेघ. हा मी नाही. ठीक, पुढचं वाक्य. 'जो नकळत तुझ्याच मार्गाने चालला.' रेघ. 'ज्याच्या मौनात.' रेघ. मी मनातल्या मनात नवी वाक्यं जुळवू लागलो, मला ती जुळवता येतात, तेवढंच येतं. एकेक करून तो खोडत गेला. शेवटी एकही वाक्य उरलं नाही आणि समोर फक्त पेटी होती, तिच्यात दादा होता, आणि तो मेलेला होता.

मग मी रडलो. पाळक डोळ्याला रुमाल लावतात तसा नव्हे. आवाज करून, खांदे हलवून, नाक गळेपर्यंत. आईच्या वेळी आलं नाही, वडिलांच्या वेळी आलं नाही, तेव्हा मी बोलत होतो. हिने रुमाल दिला, तो पुरला नाही. वहिनीने पदर पुढे केला.

आणि मौन संपेना. मागे कोणी खोकलं, खुर्च्या करकरल्या, बाहेर बस थांबली आणि निघून गेली. मी वाट बघतोय की बाई आता काही बोलेल, मग काही बोलेल. ती नुसती उभी. माझ्या रडण्यातही मला वाटलं, ही काय पद्धत, माणसांना बसवून ठेवायचं म्हणजे किती. आमच्याकडे पाळक पहिला शब्द बोलतो आणि सगळ्यांची सुटका होते. इथे सुटका करणारं कोणी नाही. याला म्हणतात धर्म सोडणं, असाही विचार येऊन गेला, आणि परत रडू आलं.

कधीतरी वहिनीने माझ्या दंडाला धरलं. "भाऊजी, उठा आता."

मी उठलो. आणि माझ्यामागे सगळं सभागृह उठलं.

दफनभूमीतून परत येताना मी निरोपबाईला गाठलंच. म्हटलं, "मौन संपवायची काही रीत असते की नाही? लोक ताटकळले."

ती जरा घुटमळली. "सर, ते तुम्हीच संपवायचं होतं. तुम्ही उठलात की मौन संपणार, असं त्यांनीच ठरवून दिलं होतं. बाकी सगळ्यांना सांगितलं होतं. तुम्हालाही सांगायला फोन केला होता."

१८ ऑक्टोबर, रविवार

आज उपदेश दुसऱ्याला करायला सांगितला. मी मागे बसलो. उपासना सुटल्यावर पायऱ्यांवर खरंच घाई असते. एका म्हातारीला खाली उतरवलं. तिला वाटलं मला वर्गणीबद्दल काहीतरी बोलायचं आहे.

कालच प्रकाशकाचा फोन आला होता. त्याला सांगितलं, सातवं प्रकरण नाही. म्हणाला, मग आठव्याला सातवा आकडा देऊ. मी म्हटलं, नाही. सहावं, मग आठवं. म्हणाला, लोकांना वाटेल छापखान्याची चूक आहे. वाटू दे.

दुपारी वहिनीकडे गेलो. ती मोरीशी भांडी घासत होती, आणि मला बघून एकदम हसायला लागली, डोळे पुसत पुसत.

"तुमच्यावरून आमची पैज लागली होती, भाऊजी. हे म्हणाले, धाकटा मिनिटभरही तग धरणार नाही, ताडकन उठेल आणि प्रार्थना सुरू करेल. मी म्हटलं, बसतील. हरणाऱ्याने आठवडाभर भांडी घासायची."

"मी उठणार हे त्याला माहीत होतं, तर मौन माझ्या हातात दिलंच कशाला?"

"मीही तेच विचारलं. तर म्हणाले, करायचीच असेल प्रार्थना, तर करू दे. लहानपणापासून शेवटचा शब्द त्यालाच लागतो. मी कुठे खोडायला असणार आहे?"

म्हणजे मला परवानगी होती. इतके दिवस मी जळत राहिलो, चोरासारखा कागद खिशात घेऊन गेलो, आणि या माणसाने आधीच दार उघडं ठेवलं होतं. आणि मला सांगितलं नाही. किंवा सांगायची व्यवस्था केली, ती मी फोनवर बंद केली. कसंही असो, फसवणूक ती फसवणूकच.

मी कोट काढून खुर्चीवर टाकला, बाह्या सरसावल्या आणि वहिनीला बाजूला केलं. ती म्हणाली, अहो काय करताय. मी म्हटलं, पैज हरला तो हरला, आता त्याच्या वाटणीचं कोणीतरी करायला नको?

कढई चांगलीच करपलेली होती. घासता घासता मला परत संताप आला. साठ वर्षांत दादा माझ्या बाबतीत एकदाही चुकला नव्हता. हा पहिल्यांदा चुकला, धडधडीत, सभागृहभर साक्षीदार असताना चुकला, आणि ते त्याला ऐकवायला तो जागेवर नाही.

उद्या परत जायचं आहे. अजून सहा दिवसांची भांडी आहेत.